साक्ष मागे घेताना : नवापूर तालुक्यातल्या एका कुटुंबाचं प्रकरण

आमच्या भागातल्या ख्रिस्ती पाळकांची दर तीन महिन्यांनी बैठक होते. प्रार्थना, चहा आणि मग प्रत्येकाने आपल्या मंडळीतलं, म्हणजे चर्चमधलं, एक प्रकरण मांडायचं, असा नेम आहे. बहुतेक जण जिंकलेली प्रकरणं मांडतात, मीही तेच करत आलो. कुणाची दारू सुटली, कुणाचा रुसून गेलेला मुलगा परत आला. हे प्रकरण मात्र दोन बैठकांना सोबत नेलं आणि न मांडता परत आणलं, कारण यात ज्यांचं चुकलं त्यांच्यात मी पहिल्या रांगेत आहे. म्हणून आता लिहूनच काढतो.

कुटुंबाला विचारून लिहितोय. नावं, गाव, पाडा देत नाही. आईला इथे 'ताई' म्हणतो, समोरही तेच म्हणतो.

घर

मावची समाजातलं कुटुंब. सासरची तिसरी पिढी मंडळीत आहे. ताईचं माहेर देवमोगऱ्याला जाणारं, याहा मोगी देवीला मानणारं. लग्नानंतर दोन वर्षांनी, स्वतःच्या मनाने, तिने बाप्तिस्मा घेतला. माहेरचं जाणं-येणं तुटलं नाही. फक्त महाशिवरात्रीच्या जत्रेच्या दिवसांत भाऊ तिच्याशी बोलायचा नाही, आणि ती ते मनावर घ्यायची नाही.

नवरा पोल्ट्रीत कामाला होता. नवापूर आणि कोंबड्या हे वेगळं सांगायला नको. देशातला पहिला बर्ड फ्लू फेब्रुवारी २००६ मध्ये इथेच सापडला, तेव्हा तो नुकताच शेडवर लागला होता. पंधरा वर्षांनी, २०२१ च्या फेब्रुवारीत, तेच पुन्हा झालं. पांढऱ्या पोशाखातली माणसं, खड्डे, चुना आणि रिकामी शेडं. आधीच्या वर्षी लॉकडाऊनने हात रिकामे केलेले, त्यात हे. घरची दीड एकर कोरडवाहू, तूर आणि थोडा भात. दिवाळीनंतर मुकादमाकडून उचल घेऊन जोडपं कोयत्यावर बारडोलीकडे गेलं. अकरा वर्षांचा मुलगा आजीजवळ राहिला. सात वर्षांची मुलगी धाकटी म्हणून सोबत नेली.

या दोघांच्या आधी एक मुलगी झाली होती. तीन वर्षांची असताना गेली. ताप, डोळे पिवळे, पोट फुगलेलं. 'कावीळ झाली' एवढंच घरात माहीत होतं. पुरायला मीच गेलो होतो, आणि मीही त्याहून जास्त विचारलं नव्हतं.

उसाच्या फडावर पालाच्या खोपीत डिसेंबरची थंडी. पहाटे दव पडतं, पाणी लांबून आणावं लागतं म्हणून पोरं दिवसभर घोट-दोन घोटांवर काढतात. पोरगी रात्री रडायला लागली. हाडं दुखतात म्हणायची, बोटं सुजायची. मुकादमाला ते नाटक वाटलं, कारण दोन दिवसांनी पोरगी पुन्हा उड्या मारायची. जानेवारी २०२२ मध्ये उचल अर्धी फेडून ते परत आले. इथे रक्त तपासलं, आधी साधी चाचणी, मग इलेक्ट्रोफोरेसिस. मुलगी एस-एस, म्हणजे सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची रुग्ण. आई-बाप दोघं ए-एस, म्हणजे वाहक. मोठा मुलगाही वाहक.

डॉक्टरांनी एका कागदावर चार चौकोन काढून एक काळा केला. दोघं वाहक असतील तर दर बाळंतपणात चारातला एक धोका, असं समजावलं. ताईने कागद नीट घडी घालून ठेवला आणि विचारलं, "चारातला एक म्हणता, मग आमच्या तिघांत दोघी कशा?" पहिलीची तपासणी झालीच नव्हती, त्यामुळे डॉक्टरांना खात्रीने काही सांगता येईना. एवढंच म्हणाले, की दर वेळी चिठ्ठ्या नव्याने टाकल्या जातात, मागचा हिशेब पुढे येत नाही. ती म्हणाली, "म्हणजे देव मोजत नाही." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्याकडे पाहिलं.

दोन बाजूंनी

आजार कळल्यावर ताईवर दोन्हीकडून बोल आले. माहेरून, 'घरचा देव सोडलास, भोग आता.' मंडळीतून, हळू आवाजात आणि वचनाच्या भाषेत, 'घरात काही कबूल न केलेलं पाप आहे का, पाहायला हवं.' ख्रिस्ती माणसाला ही शंका नवी नसावी, कारण शिष्यांनी हीच विचारली होती. जन्मांध माणूस पाहून ते म्हणाले, पाप कोणी केलं, याने की याच्या आईबापांनी? योहानाच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय. प्रभूने दोन्ही पर्याय फेटाळले. मी या उताऱ्यावर सहा-सात वेळा तरी बोललो असेन. मंडळीने दर वेळी मान डोलावली, आणि पहिल्याच खऱ्या प्रसंगी शिष्यांचाच प्रश्न पुन्हा विचारला.

सिकलसेलमध्ये ही गाठ जास्तच घट्ट बसते, कारण आजार खरोखरच आईबापांकडून येतो. 'तुमच्यामुळे' हा शब्द शास्त्राच्या दृष्टीने चूक नाही, म्हणून तो जास्त खोल रुततो. एक गोष्ट मला उशिरा कळली आणि आता मी ती सगळीकडे सांगतो. हा दोष सातपुड्यासारख्या भागांत इतका का आढळतो, तर ज्यांच्यात तो एकाच बाजूने आला त्यांना जीवघेण्या मलेरियापासून बरंच संरक्षण मिळालं. पिढ्यान्‌पिढ्या ते जगले, त्यांची लेकरं जगली, आणि दोषही त्यांच्यासोबत पुढे आला. ताईचे पूर्वज ज्याच्या जोरावर तगले तेच तिच्या मुलीच्या हाडांत दुखतंय. व्यासपीठावरून हे सांगणं अवघड आहे, पण 'कबूल न केलेलं पाप' म्हणण्यापेक्षा हे खरं आहे.

उपचार सुरू झाले. हायड्रॉक्सियुरिया, फॉलिक ॲसिड, लसी, भरपूर पाणी, थंडीपासून जपणं, ठरावीक दिवसांनी रक्ततपासणी. गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट, पण त्या आणायला जाण्याचा दिवस फुकट नव्हता. एक मजुरी बुडायची, वर भाडं, वर रांग. तरी दहाएक महिने ताईने एक खेप चुकवली नाही. मुलीचं दुखणं खूप कमी झालं आणि ती शाळेत जायला लागली.

सभा

डिसेंबर २०२२. नाताळच्या आधीच्या आठवड्यात भात काढून मोकळ्या झालेल्या शेतात मांडव घातला होता. जनरेटर, हॅलोजन, दोन मोठे स्पीकर. बाहेरगावचे प्रचारक आले होते. चंगाई सभा, म्हणजे प्रार्थनेने आजार बरे होण्याची सभा, म्हटली की आसपासच्या पाड्यांतून जीप भरून माणसं येतात, तशी आली होती. मी मंचावर प्लास्टिकच्या खुर्चीत, शाल पांघरून.

प्रचारकांनी 'गोळ्या टाका' असं म्हटलं नाही. न्यायाने लिहायचं तर एवढं लिहिलं पाहिजे. ते म्हणाले, ज्याला देवाने बरं केलं त्याने मागे वळून पाहू नये. लोटाच्या बायकोचं उदाहरण दिलं. मग ज्यांना बरं वाटतंय त्यांनी पुढे यावं, साक्ष द्यावी. ताई मुलीचा हात धरून मंचावर चढली. माईक तिच्या उंचीला वर होता, कुणीतरी खाली केला. "माझी पोरगी बरी झाली. आता आम्ही गोळी घेत नाही." मांडव हालेलुयाने दणाणला.

मीही टाळ्या वाजवल्या.

मुलगी बरी दिसते ती दहा महिन्यांच्या गोळ्यांमुळे, हे मला ठाऊक होतं. मंचावर ते माहीत असलेला बहुधा मी एकटाच होतो. पाहुण्यांसमोर कसं बोलायचं, उद्या घरी जाऊन सांगू, असं मनात आलं. उद्या नाताळच्या गाण्यांची तालीम होती, परवा तारा टांगायचा होता. मग नवं वर्ष आलं. मी गेलोच नाही.

ताईला भाबडी म्हणून हे प्रकरण मिटवू नये. तिने गोळी का थांबवली, हे तिने मला नंतर सांगितलं, आणि त्यात भाबडेपणा शोधूनही सापडत नाही. "रोज गोळी काढली की रोज आठवतं, पोरगी आजारी आहे. एक दिवस तरी मला ते आठवायचं नव्हतं." शिवाय माहेरच्यांना दाखवायचं होतं की तिचा देव हरलेला नाही. आणि मंडळीत वर्षभर कुजबुज ऐकलेल्या बाईला शंभर माणसांसमोर मान ताठ करायला मिळाली होती. तिच्या जागी मी काय केलं असतं, मला सांगता येत नाही.

पुढचे दहा आठवडे मुलगी ठीक होती. या आजाराची ही खोड आहे. तो येतो, जातो, मध्ये महिनोन्‌महिने गप्प बसतो. त्यात गोळीचा परिणाम थांबवल्यावर लगेच उतरत नाही, हळूहळू ओसरतो. म्हणून दोन महिने बरं दिसणं म्हणजे बरं होणं नव्हे. पण मांडवातून घरी गेलेल्या माणसाला हे कोण सांगणार? ज्याने सांगायचं तो तारा टांगत होता.

वॉर्ड

मार्च २०२३. आधी सर्दी, मग ताप, मग छातीत दुखणं, आणि रात्री दहाला पोरीला श्वास घेता येईना. १०८ ला फोन केला. चालक धुळ्याकडचा होता. ताई मागे मुलीला कवटाळून हुंदके देत होती, तर तो समोरून म्हणत राहिला, "काही भेव नको बहीन, आते पोची जासूत." त्या रात्री कुणी तिला दिलेला हा पहिला धीर, आणि यात वचन एकही नव्हतं.

ऑक्सिजन, सलाईन, अँटिबायोटिक, रक्त. सिकलसेलमध्ये छातीचा असा झटका जीव घेऊ शकतो, हे डॉक्टरांनी बाहेर बोलावून मला सांगितलं. मी दुसऱ्या दिवशी सकाळी पोहोचलो होतो, बायबल काखेत. बसलो आणि लगेच रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय काढला, देवावर प्रेम करणाऱ्यांना सगळ्या गोष्टी मिळून कल्याणकारक होतात तो. दोन ओळी झाल्या असतील.

"पाळकसाहेब, थांबा."

थांबलो.

"मी माईकवर साक्ष दिली ना? शंभर माणसांनी ऐकली. आता तो माईक कुठे आहे? आता इथे आणा ना."

मी म्हटलं, ताई, देवाची इच्छा आपल्याला कळत नाही. मला आजही ते वाक्य आठवलं की कान गरम होतात. ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, "देवाची का? गोळी मी बंद केली. तुम्ही बघत होता."

बाजूच्या खाटेवरच्या बाईने तोंड फिरवलं. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो.

दुपारी मंडळीतल्या एक आजी आल्या. सत्तरीच्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या, स्त्री मंडळात नेहमी शेवटच्या सतरंजीवर बसणाऱ्या. फडक्यात ज्वारीच्या दोन भाकरी आणि लाल मिरचीचा ठेचा. ताईला खायला लावलं. मग खाटेच्या पायथ्याशी बसून पोरीचे पाय चोळायला लागल्या. तळवे, घोटे, पोटऱ्या, पुन्हा तळवे. तासभर त्यांनी एक शब्द काढला नाही. ईयोबाचे मित्र आले तेव्हा आधी सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले होते, हे आपण सगळे वाचतो. त्यांनी केलेली शहाणपणाची गोष्ट तेवढीच. तोंड उघडलं आणि सगळं बिघडलं. मी सातव्या रात्रीची वाट न पाहता दुसऱ्या मिनिटालाच तोंड उघडलं होतं.

तिसऱ्या दिवशी मी न विचारता वाचलं नाही. ताईच म्हणाली, "काही वाचायचं असेल तर वाचा, पण चांगलं होईल असलं काही नको." मी ८८ वं स्तोत्र काढलं. व्यासपीठावरून मी ते कधीच वाचलं नव्हतं, कारण ते शेवटी वर येत नाही. बाकीची विलापाची स्तोत्रं रडतात, भांडतात आणि अखेरीस स्तुतीकडे वळतात. तेराव्यातला माणूस 'परमेश्वरा, कोठवर?' असं विचारतो आणि सहा ओळींत गायला लागतो. ८८ वं वळत नाही. रात्रंदिवस हाक मारतो, तू तोंड का लपवतोस, माझी माणसं तू दूर केलीस, आणि अंधारावर ते संपतं.

ती ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "पुढे?"

"पुढे नाही. इथेच संपतं."

"हे बायबलात आहे?"

पुस्तक तिच्यापुढे धरलं. तिने बोट ठेवून शेवटची ओळ स्वतः वाचली, अडखळत. मग म्हणाली, "मग मी बोलले ते चालतं."

या प्रकरणात विश्वास कुठे होता, असं बैठकीत कुणी विचारलं तर मी याच जागेवर बोट ठेवीन. मांडवात ती देवाबद्दल बोलली होती. वॉर्डात ती देवाशी बोलायला लागली, आणि ते बोलणं बरंचसं भांडण होतं. जो नाहीच त्याच्याशी कुणी भांडत नाही, आणि जो ऐकणार नाही त्याच्याकडे कुणी तक्रार नेत नाही. आपल्याकडे घरातल्या वडील माणसावर भरवसा असला की त्याच्यापुढे आवाज चढतो, परक्यापुढे आपण गोड बोलतो. मार्काच्या शुभवर्तमानात आजारी मुलाचा बाप येशूला म्हणतो, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. एकाच श्वासात दोन्ही. त्याला कुणी दारातून परत पाठवलं नाही.

अकरा दिवसांनी मुलगी घरी आली.

पंचांची बैठक

घरी आल्यावर ताईने निरोप पाठवला, की येत्या रविवारी उपासनेत बोलायचं आहे. काय बोलणार हे सगळ्यांना कळलं होतं. मंडळीचे पंच जमले. एकाचं म्हणणं, साक्ष मागे घेतली तर नव्या विश्वासणाऱ्यांचे पाय डळमळतील, गावात आधीच लोक बोट दाखवतात. दुसरा म्हणाला, बोलू द्या, पण 'माझा विश्वास कमी पडला' एवढं म्हणू द्या, म्हणजे देवाच्या नावाला बट्टा नको. हे ऐकायला सौम्य होतं आणि सगळ्यांत क्रूर होतं. बाईने आधी मुलीचा त्रास सोसायचा आणि वर देवाची अब्रू राखायला दोष स्वतःवर घ्यायचा. मी अध्यक्षस्थानी होतो, आणि खरं सांगतो, माझं मन त्या दुसऱ्या सूचनेकडे झुकत होतं. त्यात माझीही सुटका होती.

आमच्यात एक पंच पिठाची गिरणी चालवतात. बैठकीत ते सहसा हिशेबाशिवाय बोलत नाहीत. ते म्हणाले, "हिज्कीया राजाचं काय झालं होतं?" कुणाला लगेच आठवेना. त्यांनी सांगितलं. राजा मरणाला टेकला, भिंतीकडे तोंड करून रडला, देवाने सांगितलं की तू बरा होशील. आणि एवढं सांगून झाल्यावरही यशयाने अंजिरांचा लेप करून गळवावर बांधायला लावला. "देवाचा शब्द आला होता तरी लेप बांधला. आपल्याला तर शब्दही आला नव्हता, आपणच स्पीकर लावला होता."

पुढे चर्चा झाली नाही. मी नंतर शोधत बसलो तेव्हा आणखी सापडलं. पौलाने तीमथ्याला पोटाच्या तक्रारीवर थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं. त्रफिमाला मिलेतात आजारी ठेवून पौल पुढे गेला, आणि त्याच्या विश्वासाबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. लूकला तो प्रिय वैद्य म्हणतो. तीस वर्षं वाचलेल्या पुस्तकात हे सगळं होतं, गिरणीवाल्याला दिसलं.

रविवारी ताई उभी राहिली. माईक घेतला नाही. "डिसेंबरात मी म्हटलं पोरगी बरी झाली. ती बरी झालेली नाही. गोळी चालू केली आहे. प्रार्थना करा, आणि कुणाची गोळी चालू असेल तर बंद करू नका." आणि बसली. पेटीवाल्याने घाईघाईने गीत धरलं ते चुकीच्या पट्टीत, अर्धी मंडळी वर गेली, अर्धी खाली.

माझी कबुली त्या रविवारी द्यायला हवी होती. मी ती दिली चौथ्या रविवारी, प्रवचनाच्या मधोमध, दोन वाक्यांत. ताई तेव्हा बाहेर मुलीला पाणी पाजत होती. नंतर घरी जाऊन पुन्हा सांगितली. ती म्हणाली, "बरं." चहा केला.

नंतर

काही गोष्टी बदलल्या. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ ला सुरू झालं आणि तपासणीची पथकं गावोगाव येऊ लागली. आम्ही उपासनेनंतर मंडळीच्या अंगणात टेबल लावायला दिलं. पहिल्या दिवशी रांगेत सगळ्यांत पुढे गिरणीवाले पंच. आता लग्नाची सूचना वाचण्याआधी मी दोघांना तपासणीबद्दल विचारतो. एका जोडप्यात दोघंही वाहक निघाले. त्यांना सगळं समजावलं, चार चौकोन काढून दाखवले, दोघांनी आठवडा घेतला आणि लग्न करायचंच ठरवलं. गर्भातल्या तपासणीची सोय असते हेही डॉक्टरांनी त्यांना सांगितलं, आणि त्यातून जे प्रश्न उभे राहतात त्यांच्यावर आमच्या मंडळीत एकमत नाही. मी त्यांचं लग्न लावलं. अजून रात्री कधी कधी आठवतं.

मुलीचं अपंगत्वाचं प्रमाणपत्र झालं. सिकलसेल २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत आहे, हे आमच्याकडे फार कमी लोकांना ठाऊक होतं. एसटीची सवलत मिळाल्यावर गोळ्या आणायच्या खेपेचं भाडं वाचलं. प्रार्थनेच्या वहीत हे मी 'उत्तर मिळालं' या रकान्यात लिहिलं, आणि मला त्यात काही गैर वाटत नाही.

मुलीची पाण्याची बाटली मात्र पाहण्यासारखी आहे. ताईने तिच्यावर नेलपॉलिशने तीन लाल रेघा ओढल्यात. पहिली प्रार्थनेच्या घंटेपर्यंत, दुसरी मधल्या सुट्टीपर्यंत, तिसरी शाळा सुटेपर्यंत. रेघेपर्यंत पाणी संपलं नाही तर घरी हिशेब द्यावा लागतो. वर्गातल्या पोरांनी बाटलीला 'थर्मामीटर' नाव ठेवलंय. २०२४ च्या पावसाळ्यात दोनदा दुखणं उठलं, एकदा दाखल करावं लागलं. आजार गेलेला नाही आणि रविवारी तो गेला असं कुणी म्हणत नाही.

स्त्री मंडळात मध्यंतरी पंडिता रमाबाईंवर बोलायचं होतं. आपण नेहमी त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनचं काम सांगतो, त्यांनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर सांगतो. ताईने विचारलं, "त्यांना लेकरं होती का?" एक मुलगी होती, मनोरमा. दुष्काळात रमाबाईंचे आईवडील गेले, १८८२ मध्ये नवरा कॉलऱ्याने गेला, आणि १९२१ मध्ये, सगळं आयुष्य ओतून झाल्यावर, ती एकुलती मुलगीही गेली. त्यानंतर रमाबाई वर्षभरही राहिल्या नाहीत, एप्रिल १९२२ मध्ये गेल्या. भाषांतर मात्र हातावेगळं करूनच. मी याआधी मनोरमेचं जाणं कधी सांगितलं नव्हतं, गोष्टीच्या चढत्या चालीत ते बसायचं नाही. त्या दिवशी सांगितलं. बायका बराच वेळ बसून राहिल्या.

बाकडं

या आजारावर पक्का इलाज म्हणून अस्थिमज्जा प्रत्यारोपण होऊ शकतं, त्यासाठी सख्ख्या भावंडाची मज्जा जुळली तर सगळ्यांत बरं. भाऊ वाहक असला तरी चालतो, असं डॉक्टरांनी सांगितलं. जुळण्याची शक्यता किती, तर चारात एक. ताईने जुना कागद काढून पाहिला. तोच हिशेब, या वेळी काळा चौकोन हवा होता.

नमुने दिले. अहवाल घ्यायला सुरतेला जायचं होतं. नवरा कामावर, म्हणून मी सोबत गेलो. जाताना ताईच्या पिशवीत बायबल, बाटली आणि तो कागद. मंडळीने आदल्या शुक्रवारी उपवास धरला होता. गिरणी बंद होती.

जुळलं नव्हतं.

परतीच्या गाडीत कुणी बोललं नाही. व्यारा गेलं, उकाई-सोनगढ गेलं. नवापूरला उतरलो. इथल्या फलाटावर ते प्रसिद्ध बाकडं आहे, अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत, मधोमध रेघ. बाहेरगावचे लोक त्यावर बसून फोटो काढतात. प्रवचनात हे बाकडं वापरायचा मोह मला गेली कित्येक वर्षं आवरावा लागतोय. पोरगी बरोबर रेघेवर बसली, एक पाय इकडे, एक तिकडे. ताई गुजरातच्या बाजूला टेकली. अहवाल चार चौकोनांच्या कागदात घालून तिने एकच घडी केली.

स्टेशनाबाहेर जीपवाला पाड्यांची नावं ओरडत होता.

मी विचारलं, "ताई, प्रार्थना करू का?"

"करा," ती म्हणाली. "पण लहान करा. जीप भरत आली." मग पोरीकडे वळली. "पाणी कुठवर आलं? दाखव."

पोरीने बाटली उजेडात धरली. तिसऱ्या रेघेच्या बोटभर वर होतं.

"पी आधी," ताई म्हणाली. आम्ही दोघं ती पिऊन होईपर्यंत थांबलो.